नानांचं स्टूल

"केरबा, नाना डुलत्यात," अनसाक्का म्हणाली.

मी करवतीला कानस लावत बसलो होतो. ती माझ्या राहुटीच्या दारात उभी होती. हातात झुल्यावरच्या बाईचं अर्धवट टिकल्या लावलेलं पोलकं होतं आणि ओठांत सुई. सुई काढून तिनं पुन्हा सांगितलं, "काल मी कनातीआडनं बघत होते. स्टुलावर चढले की डावीकडं कलत्यात. उतरताना तर पार वाकडं झालं."

"नाना वाकडे झाले का स्टूल?"

"स्टूल. नानांना काय धाड भरलीया."

नाना म्हणजे आमच्या सर्कशीतला म्हातारा सिंह. सोळा वर्षांचा होता. पुढचे पंजे जुळवून, मान ताठ ठेवून तो स्टुलावर असा बसायचा, की मामलेदार कचेरीतला जुना अव्वल कारकून वाटावा. म्हणून त्याचं नाव नाना पडलं, आणि नाव पडल्यावर सगळी कंपनी त्याला अहोजाहो करायला लागली. नाना जेवले का, नाना उठले का. हत्तीचा माहूतसुद्धा नानांच्या पिंजऱ्यावरून जाताना आवाज खाली आणायचा. ही सवय मला अजून आहे, त्यामुळे पुढं मीही तसंच लिहितो.

नानांना हैबती मास्तरांनी दोन महिन्यांचे असल्यापासून वाढवलं होतं. मास्तर सिंहांचा खेळ करायचे. अनसाक्का त्यांची बायको. ती आधी झुल्यावर होती, खांदा निखळल्यावर कपडे शिवायला लागली. मी कंपनीचा सुतार.

सर्कशीत सुतार कशाला, असं लोक विचारतात. सर्कस म्हणजे निम्मी स्टुलंच असतात. हत्ती पाय ठेवतो ते गोल पिंप, कुत्र्यांची वीतभर उंचीची स्टुलं, तारेवरच्या बाईला चढायचं उंच, जोकरचं मोडकं. जोकरचं करायला सगळ्यांत अवघड, कारण ते मोडायचं त्याच वेळी मोडलं पाहिजे आणि एरवी मोडता कामा नये. माझा बाप गावात पाट आणि तिवया करायचा. तिवईला तीन पाय. शेणानं सारवलेल्या घरात जमीन उंचसखल असते, तिथं चार पाय कधी नीट टेकत नाहीत. तीन कुठंही टेकतात. पण तिवईच्या कडेवर भार पडला की ती उलटते. माणूस मधोमध बसतो, जनावर कडेवरून चढतं. म्हणून जनावराच्या स्टुलाला चार पाय लागतात, तेही खाली फाकलेले. हे मला कुणी शिकवलं नाही. दोन तिवया उलटल्यावर कळलं.

नानांचं स्टूल मात्र मी नवं असं कधी केलंच नव्हतं. ते वाढत गेलं होतं. नाना पिल्लू होते तेव्हा मास्तरांनी बाभळीचा एक ओंडका आणून ठेवला आणि त्यावर मटणाचा तुकडा ठेवून त्यांना चढायला शिकवलं. नाना मोठे झाले, ओंडका बुटका पडायला लागला. मग माझ्या आधीच्या सुतारानं त्याच ओंडक्याची जाड फळी कापली आणि तिला पाय लावले. पुढं पाय खराब होत गेले तसे मी बदलले. पण मास्तरांचा नेम होता. एका वेळी एकच पाय बदलायचा, दुसरा महिन्यानं. आणि तेही ते स्वतः समोर असताना. पायांना रंग दिलेला चालायचा. फळीला कधी रंग नाही, रंधा नाही, पाणीसुद्धा नाही.

"पाय बघतो," मी म्हणालो.

"आत्ता बघ. हे गावाला गेल्यात तोवर."

मास्तर भावाच्या मुलीच्या साखरपुड्याला तासगावकडं गेले होते. बुधवारी दुपारी परत यायचे होते. तोवर दोन दिवस सिंहांचा खेळ बंद होता. आमचा मुक्काम बार्शीला होता. साल सदुसष्ट असावं.

आम्ही दोघं पिंजऱ्यांच्या मागं गेलो. स्टुलं एका ओळीत ठेवली होती. नानांचं सगळ्यांत काळं. मी ते उलटं केलं, पाय हलवून बघितले. पायांना काहीच झालं नव्हतं. मग पटाशी घेऊन, पाय बसतो त्या फळीच्या भोकाशी टेकवली. जोर न लावता ती दोन बोटं आत गेली. सोळा वर्षांच्या लघवीनं फळी आतून कुजली होती.

"अक्का, पायांचं काही नाही. फळीच गेलीय."

"मग बदल."

"मास्तर बदलू देणार नाहीत."

"म्हणून तर आत्ता आलेय ना. ते असते तर तुझ्याकडं कशाला आले असते?"

"त्यांना येऊ दे. सांगू, दाखवू."

ती खाली बसली. पोलकं मांडीवर घेतलं, पण सुई काही चालवली नाही. "मागच्या महिन्यात मी सांगितलं त्यांना, स्टूल डुलतंय म्हणून. काय म्हणाले ठाऊक हाय? नाना सांभाळून घेत्यात म्हणाले. नाना सांभाळून घेत्यात. केरबा, हे त्या स्टुलाखाली मान घालत्यात की न्हाई?"

घालायचे. खेळाच्या शेवटी मास्तर नानांच्या स्टुलापुढं गुडघ्यावर बसायचे आणि आपलं डोकं नानांच्या पंजांखाली न्यायचे. नाना एक पंजा उचलून अलगद त्यांच्या डोक्यावर ठेवायचे. लोक त्यासाठीच यायचे.

"साडेचार मणाचं धूड," अनसाक्का म्हणाली. "त्यांनी काही करायला नको. नुसतं पडले तरी मी गेले."

"तुम्ही कशा जाल?"

"मग काय, मी त्यांच्याबिगर बार्शीत टिकल्या लावत बसू?"

ती उठली. "हुबेहूब कर. त्यांना कळायला नको आणि नानांना कळायला नको. पुढं कधीतरी मीच सांगेन, शिव्या मी खाईन. तुझं नाव येणार न्हाई."

मला शिव्यांची भीती नव्हती. खरं सांगायचं तर तिनं सांगितलं नसतं तरी ते स्टूल माझ्या डोळ्यांत खुपत होतंच. बाकीची माझी स्टुलं रंगीत, घोटीव, सांध्यात नख शिरणार नाही अशी. आणि मधोमध हे काळं, तेही सगळ्यांत मोठ्या सिंहाचं. लोक म्हणत असतील, ह्यांच्याकडं सुतार नाही वाटतं.

मंगळवारी सकाळी मी वखारीत जाऊन बाभळीची फळी आणली. लाकूड बाभळीचंच हवं, एवढं मला कळत होतं. जुनी फळी शेजारी ठेवून मापं घेतली. तिच्या कडा जिथं झिजल्या होत्या, तिथं तशाच झिजवल्या. मग नखांचे ओरखडे. जुन्या फळीवर पुढच्या बाजूला दोन जागी खोल ओरखडे होते, नाना चढताना जिथं नखं रोवायचे तिथं. ते मी गोल पटाशीनं एकेक करून उतरवले. कुठला खोल, कुठला वरवरचा, कुठल्या दोघांमध्ये किती अंतर, सगळं. सकाळचा खेळ सुरू होऊन संपला, बँड वाजून थांबला, मला पत्ता नव्हता. लाकूड पांढरं दिसत होतं म्हणून जवसाच्या तेलात काजळी कालवली आणि चिंधीनं चोळून चोळून ते काळं केलं. पाय जुनेच बसवले.

दुपारी अनसाक्का आली. मी दोन्ही फळ्या शेजारी ठेवून म्हणालो, "ओळखा."

तिनं दोनदा बघितलं. "माझ्यानं न्हाई ओळखवत."

"हात लावून बघा."

तिनं नव्या फळीवरच्या ओरखड्यांतून बोट फिरवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे हसण्यानं. "मेल्या, नानांची नखं कधी मोजलीस?"

त्या दिवशी मी माझ्या हातावर फार खूश होतो. जुनी फळी मी कुऱ्हाडीनं फोडली आणि लाकूड चिकटवायच्या सरसाच्या भांड्याखाली जाळली. मास्तरांच्या नजरेला पडायला नको म्हणून. कुजली होती तरी बाभळीचा जाळ चांगला लागला.

बुधवारी मास्तरांची एसटी उशिरा आली. साडेतीनचा खेळ, आणि ते सव्वातीनला फाटकातून आत शिरले, धोतरावर धूळ, काखेत पुडकं. मी रिंगणाच्या जाळीचे खिळे तपासत होतो. त्यांनी पुडकं सोडून एक पेढा सरळ माझ्या तोंडात घातला.

"जमलं बघ पोरीचं. नवरा तलाठी हाय."

"चांगलं झालं," मी कसंबसं म्हणालो.

"कसलं चांगलं. मी सोळा वर्षं सिंहात काढली, पण तलाठ्याजवळ बसायला मला भ्या वाटत होतं. कागद काढायचा हो सारखा खिशातनं." ते हसले. मग म्हणाले, "नाना जेवले का काल?"

अनसाक्का त्यांचा खेळाचा कोट घेऊन मागं आली होती. मी तिच्याकडं बघितलं. कोटाचं एक बटण सैल होतं, ते ती दातांनी दोरा तोडून शिवायला लागली.

"जेवले," मी म्हणालो.

"वाट बघत असतील माझी."

सांगायला वेळ होता. त्यांनी धोतर सोडून विजार चढवली, कोट घातला, मिशीला पाणी लावलं, तेवढा वेळ होता. माझ्या तोंडात पेढा होता. तो गिळून झाला, तरी मी सांगितलं नाही. मनात म्हणालो, खेळ झाल्यावर सांगू. नाना छान बसले की सांगू. मग मास्तर रागावले तरी कौतुकच करतील.

सिंहांचा खेळ दुसरा होता. आधी दोन माद्या आल्या, आपापल्या स्टुलावर चढल्या. मग शिपाई आला. हा चार वर्षांचा तरणा सिंह. नाना कारकून, म्हणून हा शिपाई. त्याचं स्टूल नानांच्या शेजारी. तोही चढून बसला. शेवटी नाना आले. त्यांच्या वेळी बँड थांबायचा आणि नुसता ढोल वाजायचा, कारण ते फार सावकाश चालायचे.

मी जाळीच्या दाराशी लोखंडी गज घेऊन उभा होतो. खेळ चालू असताना ती माझी जागा.

नाना स्टुलाशी आले. एक पंजा वर टाकला. मग काढून घेतला. नाक खाली नेलं आणि फळीच्या कडेकडेनं फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा. मग दोन पावलं मागं सरले.

तेव्हा मला कळलं. सोळा वर्षांत त्यांनी त्या फळीकडं डोळ्यांनी कधी बघितलंच नसणार. मी ओरखडे मोजत बसलो होतो. काजळी चोळत बसलो होतो. त्यांचं स्वतःचं जे त्या फळीत होतं, ते मी सरसाखाली जाळलं होतं.

"बसा, नाना," मास्तर म्हणाले. "लोकं आल्यात. तलाठी पण असंल एखादा."

लोक हसले. नाना गोल फिरले. पुन्हा स्टुलाशी आले, पुन्हा वास घेतला. मास्तरांनी त्यांच्या पाठीला हात लावला. मी मास्तरांचं तोंड बघत होतो. त्यांना काहीतरी वेगळं वाटत होतं, पण काय ते कळत नव्हतं. त्यांनी स्टुलाकडं बघितलं. हुबेहूब होतं.

मग नानांनी त्यांच्या मते शहाणपणाचं केलं. आपली जागा कुणीतरी नेली आहे, तर शेजारची घ्यावी. ते शिपायाच्या स्टुलाकडं गेले आणि वर चढायला लागले. वर शिपाई बसला होता.

पुढचं सगळं दहा-बारा श्वासांत झालं. शिपायानं वरून उडी घेतली. नाना पाठीवर पडले. त्यांचे दात झिजलेले, अंग जड, आणि शिपाई त्यांच्या गळ्याशी. जनावरं भांडायला लागली की मधे जायचं नसतं. मागं सरायचं, दार गाठायचं. हे मास्तरांनीच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मी दार उघडून धरलं होतं.

मास्तर दाराकडं आले नाहीत. नाना खाली होते, म्हणून ते मधे गेले. हातातल्या बांबूनं त्यांनी शिपायाला बाजूला रेटलं. तो हटला. नाना उठले ते गोंधळलेलेच उठले, आणि समोर जे हललं ते त्यांनी तोंडात धरलं. तो मास्तरांचा उजवा हात होता, कोपराच्या वर.

मास्तर ओरडले नाहीत. "नाना," एवढंच म्हणाले. दोनदा म्हणाले.

आम्ही गज घेऊन आत शिरलो. पण आमची गरज पडली नाही. नानांनी स्वतःच तोंड उघडलं, बाजूला झाले, आणि जाळीला टेकून जमिनीवर बसले.

मास्तरांना मालकांच्या मोटारीतून सोलापूरला नेलं. अनसाक्का बरोबर गेली. हात खांद्यापासून काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी मला बोलावलं. तात्या आमचे मालक. कडक होते पण उगीच बोलणारे नव्हते. तंबूत दुसरं कुणी नव्हतं.

"केरबा, बस," ते म्हणाले. "तू दाराशी होतास. मला नीट सांग. जनावर बिघडलं असलं तर ते ठेवता येत नाही. आज हात धरलाय, उद्या नरडं धरेल. पण दुसरं काही कारण असलं तर गोष्ट वेगळी. मग त्याचा दोष नाही, मी त्याला ठेवेन. म्हणून विचारतोय. रिंगणात काल काही नवं होतं का?"

"पायांना रंग दिला होता," मी म्हणालो. "सगळ्याच स्टुलांच्या."

"तो दर सालीच देतो."

"होय."

"बाकी?"

एक हातगाडी बाहेरून गेली. तिच्या चाकाला तेल हवं होतं.

"बाकी काही नाही," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

मी असं का म्हणालो, ह्याचं उत्तर मी पुष्कळ वेळा शोधलं आहे. अक्काचं नाव येईल म्हणून, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. तिचं नाव न घेता मला सांगता आलं असतं, की फळी कुजली होती, मी बदलली. मला माझी भीती वाटली. एका माणसाचा हात गेला आणि तो मी घालवला, हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची भीती.

तात्या उठले. मग म्हणाले, "मी सोलापूरला जाऊन येतो. हैबतीशी बोलतो."

संध्याकाळी ते परत आले आणि कुणाशी बोलले नाहीत. शुक्रवारी सकाळी पेन्शनीत निघालेले एक फौजदार रायफल घेऊन आले. नाना पिंजऱ्यात बसले होते, पंजे जुळवून. दोन दिवस त्यांनी खाल्लं नव्हतं. एकच बार झाला. हत्ती ओरडले, कुत्री भुंकली, आणि मग फार शांत झालं. साडेतीनचा खेळ वेळेवर झाला.

महिन्यानं अनसाक्का सामान न्यायला आली. ट्रंक, शिवणाचं मशीन, मास्तरांचे कोट. मी मशीन गाडीत चढवलं. ती म्हणाली, "तात्यांनी विचारलं व्हतं तुला?"

"विचारलं."

"काय सांगितलंस?"

"काही बदललं नाही म्हणालो."

तिनं मशीनवर चादर टाकली, चारी कोपरे खोचले. "ह्यांनी मला विचारलं. शुद्धीवर आल्या आल्या. आनसे, काही बदललं व्हतं का गं? मी म्हणाले, काय बदलायचंय." ती गाडीत चढली. जाताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

मी पुढं आणखी सात वर्षं कंपनीत होतो. मग सांगलीत एका फर्निचरच्या कारखान्यात लागलो. तिथल्या प्रौढ वर्गात लिहायला शिकलो. त्या आधी कधीतरी मास्तरांना चिठ्ठी लिहून घ्यावी असं वाटायचं, पण हे दुसऱ्या कुणाला सांगून कसं लिहून घेणार. अकरा वर्षं झाल्यावर एका रविवारी मी एसटीत बसलो आणि मास्तरांच्या गावी गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो.

अनसाक्का गोठ्याशी शेण भरत होती. केस पांढरे झाले होते. मला तिनं लगेच ओळखलं, आणि कशाला आलो तेही.

"सांगायला आलायस."

"होय."

"कशाला?"

"अक्का, ते समजतात नाना उलटले म्हणून. ते तसे उलटले नव्हते."

"मला सांगतोस?" तिनं पाटी खाली ठेवली. हळू बोलायला लागली. "हे बघ. सकाळी उठले की पहिली शिवी त्या जनावराला देत्यात. सोळा वर्षं पोसलं आणि मलाच खाल्लं म्हणत्यात. देवळापुढं बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत्यात. मग भाकरी खात्यात. अकरा वर्षं त्या रागावर माणूस जगलंय, केरबा. तो काढून घेतलास, तर मग त्यांच्याजवळ काय ऱ्हातं? ते मला सांग, आणि मग आत जा."

मी दाराकडं बघितलं, पण पाऊल उचललं नाही. ती म्हणाली, "चहा घे. नुसतं भेट. आणि जा."

मास्तर सोप्यात घोंगड्यावर बसले होते. अंगरख्याची उजवी बाही खांद्याला टाचलेली. मला बघून त्यांना आनंद झाला. डाव्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं ते बराच वेळ सोडलं नाही. जोकर कुठं असतो, तात्या गेले ते कशानं, हत्ती विकले का, सगळं विचारलं. तलाठी जावयाला दोन मुलं झाली होती. "अजून कागद काढतोय," ते म्हणाले.

मग म्हणाले, "तू दाराशी व्हतास ना तेव्हा."

"होतो."

"एक सांग. मी त्या जनावराला काही कमी केलं व्हतं का?"

"नाही, मास्तर."

"कधी हात उगारला व्हता?"

"कधीच नाही."

"मग त्यानं मला का वळखलं न्हाई? ह्याचं मला उत्तर मिळत न्हाई बघ. समदं इसरलं, हात इसरला, पण मी दोनदा हाक मारली. दोनदा. त्यानं ऐकलं न्हाई."

आत अनसाक्का कपबशा विसळत होती. कपबशांचा आवाज थांबला. मी मास्तरांच्या तोंडाकडं बघितलं आणि मला ते सोसवेना. खरं सांगायचं नाही, असं मी गोठ्याशी ठरवलं होतं. पण काहीच न देता उठणंही जमेना. मला वाटलं, थोडा ओलावा द्यावा. त्यानं कुणाचं काय जाणार आहे.

"मास्तर," मी म्हणालो, "त्यांना दिसत नव्हतं."

"काय?"

"डोळे गेले होते त्यांचे. शेवटी शेवटी मला जाणवायचं. चढताना चाचपडायचे. त्या दिवशी पण चाचपडत होते. तुम्ही दिसलाच नाहीत त्यांना. गोंधळात जे समोर आलं ते धरलं."

मास्तर पुढं सरकले. मग त्यांच्या तोंडावरचं काहीतरी सैल झालं. इतकं सैल, की मला क्षणभर वाटलं, आपण बरं केलं.

"म्हंजे मला धरलं न्हाई."

"नाही."

"आणि कळल्यावर सोडलं. सोडलं व्हतं ना आपणहून?"

"आपणहून सोडलं. मी बघितलंय."

"आनसे," त्यांनी आत हाक मारली, "आयकलंस का? नानांना दिसत नव्हतं म्हणतोय केरबा." ते हसले. अकरा वर्षांनी त्यांनी नाना म्हटलं असावं. "आणि मी येडा. मी आपला शिव्या देत बसलो."

अनसाक्कानं चहा आणून ठेवला आणि ती तशीच उभी राहिली. मास्तरांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. बशी ओठांशी नेली आणि तिथंच थांबवली.

"मग मारायला नको व्हतं," ते म्हणाले.

बशी त्यांनी ओठांपासून खाली घेतली.

"तात्या आला व्हता दवाखान्यात. म्हणाला, हैबती, तू म्हणशील तसं. ठेव म्हणालास तर ठेवतो, खेळात आणत न्हाई, नुसता सांभाळतो." बशी त्यांच्या हातात कलली. चहा घोंगड्यावर सांडला, त्यांना कळलं नाही. "मी भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणालो, घाला गोळी. तात्यानं दोनदा इचारलं. दोन्ही डाव मी तेच म्हणालो."

हे मला ठाऊक नव्हतं. मी अकरा वर्षं समजत होतो की ते तात्यांनी ठरवलं. मी अक्काकडं बघितलं. तिला ठाऊक होतं. तिनं बशी मास्तरांच्या हातातून काढून घेतली आणि खाली ठेवली.

"दिसत नव्हतं त्यांना," मास्तर म्हणाले. आता ते माझ्याशी बोलत नव्हते. "दोन दिवस मी गावाला. परत आलो, तर माझा हात त्यांना कळत व्हता, मी दिसत नव्हतो. आणि मी..."

"केरबा, तुझी एसटी जाईल," अनसाक्का म्हणाली.

मी उठलो. तेव्हाही सांगता आलं असतं. फळी मी बदलली, मास्तर, तुमचा त्यात काही दोष नाही, नानांचा नाही, माझा आहे. दोन वाक्यं. मी चपला घातल्या.

उंबऱ्याशी पोचलो तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. मी वळून बघितलं नाही.

"केरबा, सांगितलंस ते बरं केलंस बाबा. न्हाईतर मी तसाच मेलो असतो."